उपग्रहाची दृष्टी आणि प्रतिमानातील भूमी : प्रादेशिक हवामान प्रतिमानांतील भूपृष्ठीय सामग्रीचे चिकित्सक परीक्षण

गोषवारा : उपग्रहांद्वारे मिळणाऱ्या भूपृष्ठीय सामग्रीमुळे प्रादेशिक हवामान प्रतिमाने अधिक विश्वासार्ह होतात, असे सर्वसाधारणपणे मानले जाते. प्रस्तुत लेखात भारतीय उपखंडाच्या, विशेषतः दख्खनच्या संदर्भात या गृहीतकाचे परीक्षण केले आहे. उपग्रह भूमीचे रूप अचूक दाखवितो. परंतु भूमी आणि हवा यांच्यातील पाण्याचा व्यवहार त्यातून आपोआप कळत नाही. म्हणून उपग्रहीय सामग्रीचा उपयोग प्रतिमानाला माहिती पुरविण्याइतकाच, किंबहुना त्याहून अधिक, प्रतिमानाची परीक्षा घेण्यासाठी व्हावा, असे प्रतिपादन येथे केले आहे.

१. प्रस्तावना

हवामानबदलाच्या चर्चेमुळे 'प्रादेशिक हवामान प्रतिमान' ही संज्ञा गेल्या काही दशकांत विज्ञानशाखेच्या बाहेरही परिचित झाली आहे. संपूर्ण पृथ्वीचा विचार करणाऱ्या प्रतिमानात पृथ्वीचा पृष्ठभाग साधारणपणे शंभर किलोमीटर किंवा त्याहून मोठ्या चौकटींत विभागलेला असतो. अशा चौकटीत सह्याद्रीचा माथा आणि त्याच्या पूर्वेकडील पर्जन्यछायेचा प्रदेश एकत्र मिसळून जातात. महाबळेश्वरला वर्षाकाठी पाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि तेथून काही दहा किलोमीटर पूर्वेस तो एक हजार मिलिमीटरच्याही खाली येतो, ही वस्तुस्थिती एवढ्या मोठ्या चौकटीत मावत नाही. ही उणीव दूर करण्यासाठी मर्यादित भूभागावर ५०, २५ किंवा त्याहून कमी किलोमीटरच्या चौकटी घेऊन चालविले जाणारे प्रतिमान म्हणजे प्रादेशिक प्रतिमान होय. दक्षिण आशियासाठी अशा प्रतिमानांच्या समन्वयाचे कार्य 'कॉर्डेक्स' या आंतरराष्ट्रीय उपक्रमांतर्गत पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेने केले आहे.

या प्रतिमानांचे निष्कर्ष आता शोधनिबंधांपुरते मर्यादित राहिलेले नाहीत. पाणी, शेती आणि आपत्तिनिवारण यांच्या आराखड्यांत ते उद्धृत केले जातात. अवर्षणप्रवण तालुक्याच्या भवितव्याविषयी बोलताना ज्या नकाशाचा आधार घेतला जातो, त्या नकाशातील जमीन प्रत्यक्षातील जमिनीशी कितपत जुळते, हा प्रश्न त्यामुळे केवळ तांत्रिक राहत नाही. 'उपग्रहाची सामग्री वापरली आहे' एवढे म्हटले की या प्रश्नाचे उत्तर मिळाले असे समजण्याची प्रवृत्ती वाढते आहे. ही समजूत तपासून पाहणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

२. प्रतिमानातील भूमी : बादलीपासून पानापर्यंत

हवामान प्रतिमानास भूमीकडून मुख्यतः तीन गोष्टी कळाव्या लागतात : आलेल्या सूर्यप्रकाशापैकी किती परत फेकला जातो (या प्रमाणास अल्बेडो म्हणतात), वाऱ्याला किती अडथळा होतो, आणि जमिनीतील किती पाणी वाफ होऊन हवेत परत जाते. यांपैकी तिसरी बाब सर्वांत कळीची आहे. जमीन ओली असेल तर सूर्याच्या ऊर्जेचा मोठा भाग पाण्याची वाफ करण्यात खर्च होतो. जमीन कोरडी असेल तर तीच ऊर्जा हवा तापविते. उन्हाळ्यात भिजवलेल्या उसाच्या फडातील हवा आणि शेजारच्या नांगरून ठेवलेल्या रानातील हवा यांतील फरक हा याच नियमाचा अनुभव होय.

१९६९ साली स्यूकुरो मानाबे यांनी आपल्या प्रतिमानात भूमीची कल्पना एका बादलीसारखी केली होती. सर्वत्र १५ सेंटिमीटर पाणी मावेल अशी ही बादली पावसाने भरे, बाष्पीभवनाने रिकामी होई आणि भरून वाहिल्यास तो अपवाह समजला जाई. वनस्पतींना तेथे स्थान नव्हते. १९८६ साली रॉबर्ट डिकिन्सन व त्यांच्या सहकाऱ्यांनी आणि त्याच वर्षी पिअर्स सेलर्स व त्यांच्या सहकाऱ्यांनी मांडलेल्या योजनांत पाने, मुळे आणि मातीचे थर यांचा स्पष्ट समावेश झाला. १९८० च्या दशकाच्या अखेरीस डिकिन्सन आणि फिलिप्पो जॉर्जी यांनी अमेरिकेतील राष्ट्रीय वातावरणीय संशोधन केंद्रात प्रादेशिक प्रतिमानांचा पाया घातला, तेव्हा ही वनस्पतियुक्त भूमी त्यांच्या हाताशी होती. १९९६ साली सेलर्स यांनी आपल्या योजनेची दुसरी आवृत्ती मांडताना वनस्पतींची प्राचले थेट उपग्रहीय निरीक्षणांवरून काढली. उपग्रह आणि प्रतिमान यांची सांगड येथे पक्की झाली.

त्यानंतर ही सामग्री वाढत गेली. एप्रिल १९९२ ते मार्च १९९३ या काळातील उपग्रहीय चित्रांवरून अमेरिकेच्या भूवैज्ञानिक सर्वेक्षण संस्थेने एक किलोमीटर विभेदनाचा, २४ वर्गांचा जागतिक भूआच्छादन नकाशा तयार केला. अनेक प्रादेशिक प्रतिमानांत तो दीर्घकाळ वापरला गेला. डिसेंबर १९९९ मध्ये 'टेरा' आणि मे २००२ मध्ये 'अ‍ॅक्वा' हे उपग्रह प्रक्षेपित झाल्यानंतर त्यांवरील 'मोडिस' उपकरणामुळे अल्बेडो, पर्णक्षेत्र निर्देशांक आणि भूआच्छादन यांची अधिक सूक्ष्म माहिती उपलब्ध झाली. २००३ साली प्रक्षेपित झालेल्या भारतीय रिसोर्ससॅट उपग्रहाच्या सामग्रीवरून हैदराबादच्या राष्ट्रीय सुदूर संवेदन केंद्राने देशाचे भूमिउपयोजन नकाशे तयार केले.

ही प्रगती नाकारण्याचे कारण नाही. मात्र एका बाबीकडे सहसा दुर्लक्ष होते. बहुतेक प्रतिमानांत भूआच्छादनाचा नकाशा हा एका तक्त्यातील ओळ निवडण्यापुरता वापरला जातो. चौकट 'शेतजमीन' या वर्गात मोडते असे उपग्रहाने सांगितले की अल्बेडो, मुळांची खोली, पर्णरंध्रांचा रोध इत्यादी आकडे तक्त्यातून उचलले जातात. त्यांतील बरेच आकडे मर्यादित क्षेत्रीय मोजमापांतून आणि मुख्यतः समशीतोष्ण प्रदेशांतील अभ्यासांतून आलेले असतात. नकाशा उपग्रहाचा असला तरी त्यामागील आकडे उपग्रहाचे नसतात. नकाशा कितीही सूक्ष्म केला तरी तक्ता तोच राहिला, तर सुधारणेचा दावा अर्धवटच ठरतो.

३. साहेलचा धडा

उपग्रहीय सामग्रीने प्रतिमानांना नेमके काय दिले, हे पाहण्यासाठी आफ्रिकेतील साहेल प्रदेशाचे उदाहरण उद्बोधक आहे. भूपृष्ठ आणि पर्जन्य यांच्या संबंधाचा आधुनिक विचार बऱ्याच अंशी तेथून सुरू झाला. १९७५ साली ज्यूल चार्नी व त्यांच्या सहकाऱ्यांनी असे मांडले की, अतिचराईमुळे जमीन उघडी पडते, तिचा अल्बेडो वाढतो, भूपृष्ठाची उष्णता घटते, हवा वर चढण्याऐवजी खाली बसते आणि पाऊस आणखी कमी होतो. त्यांच्या प्रयोगात अल्बेडो १४ टक्क्यांवरून ३५ टक्क्यांपर्यंत वाढविण्यात आला होता. दुष्काळाचा दोष पशुपालकांच्या कळपांवर टाकणाऱ्या तत्कालीन समजुतीला या प्रयोगाने शास्त्रीय आधार मिळाल्यासारखे झाले.

परंतु अल्बेडो प्रत्यक्षात किती बदलला, हे प्रतिमानाने सांगितलेले नव्हते. ते गृहीत धरले होते. १९८४ साली कुरेल, कांदेल आणि रसूल यांनी उपग्रहीय निरीक्षणांवरून पश्चिम साहेलमधील अल्बेडो तपासला. १९७३ नंतरच्या वर्षांत तो वाढण्याऐवजी घटल्याचे त्यांना आढळले. पाऊस मात्र पूर्ववत झालेला नव्हता. पुढे २००३ साली जियानिनी, सरवणन आणि चांग यांनी साहेलच्या पर्जन्यातील दीर्घकालीन चढउतारांचे मुख्य कारण समुद्रपृष्ठाच्या तापमानात असल्याचे आणि भूपृष्ठ त्या परिणामाला तीव्र करीत असल्याचे दाखविले. चार्नी यांनी सुचविलेली प्रक्रिया खोटी ठरली नाही. तिचे आकारमान आणि कार्यकारणातील तिचे स्थान बदलले.

या प्रकरणात उपग्रहाने प्रतिमानात नवी माहिती भरली नाही. प्रतिमानाने जे गृहीत धरले होते, ते त्याने स्वतंत्रपणे तपासले. उपग्रहीय सामग्रीचा हा परीक्षकाचा उपयोग पुढील काळात तिच्या पुरवठादाराच्या उपयोगामागे काहीसा झाकला गेला.

४. नावाची बागायत आणि प्रत्यक्षातील पाणी

भारतीय उपखंडाच्या बाबतीत या भेदाचे महत्त्व सिंचनाच्या प्रश्नातून स्पष्ट होते. वर उल्लेखिलेल्या २४ वर्गांच्या नकाशात 'जिरायत शेती' आणि 'बागायत शेती' असे दोन स्वतंत्र वर्ग आहेत. वरवर पाहता बागायतीचा प्रश्न येथे सुटल्यासारखा वाटतो. परंतु ज्या प्रतिमानांत सिंचनाची वेगळी प्रक्रिया नसते, त्यांत बागायत वर्गाच्या चौकटीला वेगळा अल्बेडो आणि वेगळी पर्णविषयक प्राचले मिळतात. पाणी मात्र मिळत नाही. पाऊस पडेल तेवढेच पाणी त्या जमिनीला लाभते. नकाशात बागायत, व्यवहारात जिरायत, अशी ही स्थिती आहे. नाव बरोबर असूनही निष्कर्ष चुकावा, याचे याहून स्पष्ट उदाहरण सापडणे कठीण.

२००९ साली सईद, हागेमान आणि याकोब यांनी प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात या त्रुटीचे मोल दिसून आले. 'रेमो' या प्रादेशिक प्रतिमानात सिंधू आणि गंगेच्या खोऱ्यांवर तापमान वास्तवापेक्षा पुष्कळ अधिक येत होते. सिंचनाची प्रक्रिया समाविष्ट करताच ही त्रुटी सुमारे पाच अंश सेल्सिअसने कमी झाली. जमीन अवाजवी तापल्याने वायव्येकडील उष्ण न्यूनदाबाचे क्षेत्र प्रतिमानात फाजील बळकट होत होते. तेही सौम्य झाले आणि बंगालच्या उपसागरावरून येणाऱ्या पर्जन्यप्रणालींना देशाच्या अंतर्भागात शिरण्यास वाव मिळाला. येथे लक्षात घेण्याजोगी बाब अशी की, ही सुधारणा अधिक सूक्ष्म उपग्रहीय चित्रामुळे घडली नाही. प्रतिमानात नसलेली एक प्रक्रिया तेथे आणल्यामुळे ती घडली. बागायत क्षेत्राच्या जागतिक नकाशांपैकी जो नकाशा सर्वाधिक वापरला जातो, त्या अन्न व कृषी संघटनेच्या नकाशाचा पायाही मुख्यतः प्रशासकीय पातळीवर गोळा झालेली सिंचनाची आकडेवारी हाच आहे.

भूआच्छादनातील बदलाच्या अभ्यासांनाही हीच कसोटी लावावी लागते. २०१६ साली मुंबईच्या भारतीय प्रौद्योगिकी संस्थेतील संशोधकांचा सहभाग असलेल्या एका अभ्यासात १९८७ आणि २००५ या वर्षांच्या भूआच्छादनांची तुलना करून असे दाखविण्यात आले की, वृक्षाच्छादित प्रदेशाची शेतजमीन झाल्याने बाष्पोत्सर्जन घटते आणि गंगेच्या खोऱ्यातील व ईशान्येकडील मान्सूनचा पाऊस कमी होतो. पावसाच्या पाण्याचाच काही भाग वाफ होऊन पुन्हा पाऊस होतो, हा दुवा या अभ्यासाने प्रकाशात आणला, हे त्याचे योगदान मोठे आहे. तथापि झाडांच्या जागी आलेली शेती जिरायत असेल तर बाष्पोत्सर्जन घटते आणि ती बारमाही भिजणारी बागायत असेल तर ते वाढूही शकते. 'शेतजमीन' या एकाच शब्दात परस्परविरुद्ध दिशांचे दोन परिणाम सामावलेले आहेत. २०१९ साली याच परंपरेतील पुढील अभ्यासात भारतातील भाताच्या खाचरांत पाणी साठविण्याची पद्धत आणि भूजलाचा उपसा यांचा विचार केला गेला. सिंचनाची पद्धत कशी धरली जाते यावर सप्टेंबरमधील पावसाचे वितरण आणि मध्य भारतातील अतिवृष्टीचे प्रमाण अवलंबून असल्याचे त्यातून दिसले. नकाशाकडून प्रक्रियेकडे झालेली ही वाटचाल स्वागतार्ह म्हटली पाहिजे.

'मोडिस'च्या २००० ते २०१७ या काळातील नोंदींनुसार जगाच्या पर्णक्षेत्रात जी निव्वळ वाढ झाली, तिच्यात भारताचा वाटा ६.८ टक्के होता आणि भारतातील या वाढीपैकी ८२ टक्के वाढ शेतजमिनीवरील होती, असे २०१९ साली प्रसिद्ध झाले. हिरवेपणा वाढला हे उपग्रहाने निःसंशय दाखविले. हा हिरवेपणा पावसाचा, कालव्याचा की खोल विंधनविहिरीचा, हे मात्र पानांच्या रंगावरून ठरत नाही.

५. ढगांआडचा पावसाळा

मान्सूनच्या प्रदेशात आणखी एक अडचण मुळातच आहे. दृश्य आणि अवरक्त प्रकाशावर चालणाऱ्या उपकरणांना ढगांतून जमीन दिसत नाही. जून ते सप्टेंबर हे चार महिने भारतीय हवामानाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचे. नेमक्या याच काळात कोकण, सह्याद्री आणि मध्य भारत ढगांखाली झाकलेले असतात. खरिपाच्या वाढीच्या दिवसांतील पर्णक्षेत्राच्या नोंदी त्यामुळे तुटक असतात आणि मधल्या जागा गणिताने किंवा अन्य वर्षांच्या सरासरीने भरून काढाव्या लागतात. प्रतिमानाला मिळणारी सलग मालिका ही अशा रीतीने अंशतः निरीक्षण आणि अंशतः अनुमान असते. हे अनुमान सामान्य वर्षाच्या सरासरीवर आधारलेले असेल, तर ज्या वर्षी पावसाने ओढ दिली त्या वर्षीही प्रतिमानातील पीक नेहमीसारखेच डोलत राहते.

सूक्ष्मलहरींवर चालणाऱ्या उपग्रहांना ढगांचा अडसर होत नाही. २००९ साली प्रक्षेपित झालेला 'स्मॉस' आणि २०१५ चा 'स्मॅप' यांनी मृदेतील ओलावा मोजण्याचे मोठे कार्य केले आहे. तथापि त्यांची नजर मातीच्या वरच्या सुमारे पाच सेंटिमीटर थरापर्यंतच पोहोचते आणि दाट वनांत व डोंगराळ भागांत त्यांच्या नोंदींची विश्वसनीयता घटते. सह्याद्रीत या दोन्ही अडचणी एकत्र येतात.

विभेदनाचाही प्रश्न आहे. २०१५-१६ च्या कृषिगणनेनुसार देशातील सरासरी वहिवाट खातेदारी १.०८ हेक्टर होती. ५०० मीटर बाजूच्या उपग्रहीय चित्रबिंदूचे क्षेत्रफळ २५ हेक्टर भरते. म्हणजे एका बिंदूत सरासरीने वीसहून अधिक शेतकऱ्यांची रानेसामावतात : कुठे ऊस, कुठे तूर, कुठे पडीक. २५ किलोमीटर बाजूच्या प्रतिमानाच्या चौकटीत तर ६२,५०० हेक्टर क्षेत्र असते. या साऱ्याला एकच वर्गनाम देणे ही सोय आहे; ती वस्तुस्थिती समजली जाऊ नये.

६. दख्खनची काळी माती

महाराष्ट्राच्या पठाराचा विचार करता उपग्रहाला न दिसणारा आणखी एक घटक निर्णायक ठरतो. तो म्हणजे माती. बेसाल्टपासून बनलेली खोल काळी माती पाणी दीर्घकाळ धरून ठेवते, ओली झाल्यावर फुगते आणि उन्हाळ्यात आकसून भेगाळते. पहिल्या पावसाचे पाणी या भेगांतून थेट खाली उतरते. सोलापूर आणि परिसरातील रब्बी ज्वारी सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये पेरली जाते आणि पावसाळा सरल्यावर मातीत साठलेल्या ओलाव्यावरच ती पिकते. म्हणजे या प्रदेशात जमिनीतून हवेत जाणाऱ्या पाण्याचे वेळापत्रक पावसाच्या वेळापत्रकापासून दोन-तीन महिने मागे चालते.

बहुतेक प्रतिमानांत मातीला वाळू आणि चिकणमाती यांच्या प्रमाणावरून एखाद्या वर्गात टाकले जाते आणि जलधारणेची प्राचले पुन्हा तक्त्यातूनच घेतली जातात. भेगांची प्रक्रिया सहसा नसते. मातीचे जागतिक नकाशेही पुष्कळदा अतिशय स्थूल प्रमाणावरील असतात. परिणामी पृष्ठभागावरील पीक उपग्रहामुळे बरोबर ओळखले गेले, तरी त्याच्या मुळाशी असलेले पाणी चुकीचे राहू शकते. या बाबतीत कृषी विद्यापीठांच्या प्रक्षेत्रांवरील मोजमापे आणि नागपूरच्या राष्ट्रीय मृदा सर्वेक्षण व भूमी उपयोग नियोजन विभागाने केलेली मृदासर्वेक्षणे यांचे मोल उपग्रहीय चित्रांहून कमी नाही. ही सामग्री प्रतिमानकारांच्या हाती पोहोचणे, ही पुढील सुधारणेची एक अट आहे.

७. सुधारणा कशास म्हणावे?

नवा नकाशा वापरल्यावर प्रतिमानातील पाऊस निरीक्षणांशी अधिक जुळला, तर सुधारणा झाली असा निष्कर्ष काढला जातो. हा निष्कर्ष सावधपणे घेतला पाहिजे. प्रतिमानात अनेक त्रुटी एकमेकींना झाकीत असतात. ढगनिर्मितीच्या योजनेतील दोष कोरड्या जमिनीच्या दोषाने भरून निघत असेल, तर जमीन दुरुस्त केल्यावर पाऊस बिघडलेला दिसेल. उलट चुकीच्या नकाशाने योग्य पाऊस दिला, असेही होऊ शकते. २००४ साली रँडल कोस्टर व त्यांच्या सहकाऱ्यांनी १२ जागतिक प्रतिमानांच्या तुलनेतून मृदेतील ओलावा आणि पाऊस यांचा संबंध जेथे प्रबळ आहे अशी क्षेत्रे दाखविली. त्यांत भारताचाही समावेश होता. मात्र या संबंधाच्या तीव्रतेविषयी त्या प्रतिमानांत आपापसांत मोठी तफावत होती. ज्या दुव्यावर साऱ्या सुधारणेची भिस्त आहे, तो दुवाच प्रतिमानागणिक बदलत असेल, तर केवळ पावसाच्या जुळणीवरून भूपृष्ठाची परीक्षा होऊ शकत नाही.

शिवाय जी सामग्री प्रतिमानात भरली, तिच्याशीच निष्कर्ष ताडून पाहणे म्हणजे विद्यार्थ्याने स्वतःच स्वतःची उत्तरपत्रिका तपासण्यासारखे आहे. परीक्षेसाठी स्वतंत्र सामग्री हवी. भूपृष्ठाचे तापमान ही अशी एक कसोटी आहे. मात्र ते निरभ्र दिवसांतच मोजता येते, याचे भान ठेवावे लागते. दुसरी कसोटी गुरुत्वाकर्षणाची. 'ग्रेस' उपग्रहांच्या नोंदींवरून मॅथ्यू रोडेल व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९ साली दाखविले की, ऑगस्ट २००२ ते ऑक्टोबर २००८ या काळात राजस्थान, पंजाब आणि हरियाणा (दिल्लीसह) या भागांतून १०९ घनकिलोमीटर भूजल नाहीसे झाले. सिंचनाची प्रक्रिया समाविष्ट करणारे प्रतिमान शेताला देत असलेले पाणी कोठून आणते, हा प्रश्न या नोंदीसमोर टाळता येत नाही. प्रतिमानातील भूजल तेवढेच घटते की पाणी शून्यातून निर्माण होते, हे येथे उघड होते. 'ग्रेस'ची नजर शेकडो किलोमीटरची असल्याने एखाद्या तालुक्याचा हिशेब तीतून लागत नाही. परंतु खोऱ्याच्या पातळीवर ती कठोर परीक्षक ठरते.

८. समारोप

वरील विवेचनावरून उपग्रहीय सामग्री निरुपयोगी आहे, असा अर्थ कोणी घेऊ नये. बादलीच्या कल्पनेपासून आजच्या भूपृष्ठापर्यंतचा प्रवास तिच्याशिवाय झालाच नसता. प्रश्न तिच्याकडून काय अपेक्षावे हा आहे. भूमीचे रूप, तिचा रंग, तिचे तापमान आणि तिच्या साठ्यातील पाण्याचे घटते वजन हे उपग्रह सांगू शकतो. पाणी कोणी, केव्हा आणि कोठून दिले, माती ते किती काळ धरून ठेवते, कोणते पीक कोणत्या ओलीवर उभे आहे, हे प्रक्रियेच्या आकलनातून आणि जमिनीवरील मोजमापांतूनच कळते. साहेलच्या उदाहरणात उपग्रहाने गृहीतक तपासले. सिंधू-गंगेच्या उदाहरणात सिंचनाच्या प्रक्रियेने त्रुटी दूर केली. या दोन्हींचा मेळ घालणारे अभ्यास आता होऊ लागले आहेत, ही समाधानाची बाब आहे.

म्हणून एखाद्या आराखड्यात 'उपग्रहीय सामग्रीवर आधारित प्रादेशिक प्रतिमान' असा उल्लेख आल्यास तीन प्रश्न विचारले जावेत : बागायतीला प्रत्यक्ष पाणी दिले आहे काय? मातीची प्राचले त्या प्रदेशातील आहेत काय? आणि निष्कर्षांची पडताळणी आत न भरलेल्या, स्वतंत्र निरीक्षणांशी झाली आहे काय? या तिन्हींची उत्तरे समाधानकारक नसतील, तर अवर्षणप्रवण तालुक्याच्या पाण्याचे नियोजन अशा नकाशावर सोपविणे धोक्याचे ठरेल. कारण नकाशातील चुकीची किंमत शेवटी त्या तालुक्यातील जिरायत शेतकऱ्यालाच मोजावी लागते.